जोडणी झाली, पण सही कशावर केली?

हार्डवेअर वॉलेट जोडलं जात नाही म्हणून कुणी मेसेज केला, की मी आधी केबलची चौकशी करतो आणि मग भांडण काढतो. केबलचं काम पाच मिनिटांचं असतं. भांडण मात्र गरजेचं आहे, कारण आपण सगळे चुकीच्या प्रश्नावर घाम गाळतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रिप्टो म्हणजे शेवटी एक गुप्त चावी. चावी ज्याच्या हातात, नाणी त्याची. हार्डवेअर वॉलेट हे पेनड्राइव्हएवढं यंत्र ती चावी स्वतःच्या पोटात ठेवतं. मोबाईल किंवा लॅपटॉप व्यवहार तयार करतो, यंत्र त्यावर सही करतं आणि बाहेर येते ती फक्त सही. आमच्या आष्टीतली पोरं या भानगडीत पडतात त्यामागे लोभ आहेच, पण अनुभवही आहे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या. आपली पुंजी दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवली की काय होऊ शकतं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्यामुळे 'आपली चावी आपल्याकडे' हे वाक्य इथे लगेच पटतं.

तर आधी केबल. मोबाईलच्या दुकानातल्या स्वस्त केबलीतून पुष्कळदा फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही, ती बदला. यंत्राचा पिन टाकून त्यावरचं इथेरियम किंवा जे लागेल ते ॲप उघडा. नुसतं यंत्र चालू असून भागत नाही. कंपनीचं स्वतःचं ॲप मागे उघडं असेल तर ते बंद करा, कारण दोन प्रोग्रॅम एकाच यंत्रावर हक्क सांगू लागले की दोघांचंही अडतं. लॅपटॉपवर क्रोम किंवा ब्रेव्ह वापरून पाहा. अँड्रॉइडला ओटीजी लागतं. आयफोन असेल तर ब्लूटूथवालं मॉडेल लागतं. बहुतेकांचं काम इथेच होतं.

नाही झालं, तर इंटरनेटवर दोन प्रकारचे मदतनीस भेटतात. पहिला म्हणतो, 'या पानावर तुमचे २४ शब्द टाका, वॉलेट दुरुस्त होईल.' तो चोर आहे. यात दुसरी शक्यता नाही. ते २४ शब्द म्हणजेच चावी. ते फक्त यंत्रावर टाकायचे असतात. मोबाईलवर, लॅपटॉपवर, कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्याच्या चॅटमध्ये, कुठेही नाही. केबल खराब आहे म्हणून घराची चावी कुणी मागत नसतं.

दुसरा मदतनीस प्रामाणिक असतो, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. तो म्हणतो, 'सेटिंगमध्ये जाऊन ब्लाइंड सायनिंग चालू कर, लगेच चालेल.' आणि चालतंही! पण याचा अर्थ काय? व्यवहारात नेमकं काय लिहिलंय हे यंत्राला उलगडून दाखवता येत नाही. पडद्यावर दिसतात आकडे-अक्षरांच्या निरर्थक माळा, आणि तरीही तुम्ही बटण दाबता. आमच्याकडे याला जुना शब्द आहे: कोऱ्या कागदावर अंगठा. सावकारापुढे, मुकादमापुढे असे अंगठे उठवलेल्यांची नातवंडं आज इंजिनिअर होऊन तेच करतायत, आणि त्याला 'प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला' म्हणतायत.

कुणी म्हणेल, एवढं काय घाबरवतोस? मग जोडणीचाच इतिहास बघू. १४ डिसेंबर २०२३ ला लेजर कंपनीच्या 'कनेक्ट किट'मध्येच चोरांनी आपला कोड घुसवला. कनेक्ट किट म्हणजे वेबसाइटला वॉलेट जोडून देणारा प्रोग्रॅम. कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याला फसवून त्यांनी शिरकाव केला होता. काही तासांत सुमारे ६ लाख डॉलर गेले. जोडणी उत्तम चालू होती; सही भलत्याच कागदावर होत होती. जून २०२४ पर्यंत ब्लाइंड सायनिंग बंद करू, असं कंपनीनं त्यानंतर जाहीर केलं.

ती मुदत संपली आणि १८ जुलै २०२४ ला आपल्या मुंबईच्या वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ २ हजार कोटी रुपये गेले. त्या वॉलेटला एका माणसाची सही पुरत नव्हती. वझीरएक्सच्या तिघांची हार्डवेअर वॉलेटवरून सही, वर लिमिनल या कंपनीची मंजुरी, एवढे पहारे होते. वझीरएक्सचं म्हणणं असं, की पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. लिमिनलनं दोष नाकारला आणि बोट वझीरएक्सकडे दाखवलं. त्यांचा वाद त्यांना लखलाभ. पैसे मात्र सामान्य खातेदारांचे अडकले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही सही करणाऱ्यांना पडद्यावर साळसूद व्यवहार दाखवून.

यातलं कुठलंही यंत्र जोडायला नकार देत नव्हतं, हे लक्षात घ्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'सही करणाऱ्यानं वाचायला हवं होतं.' हे मला मान्य नाही. आमच्या आज्यांना वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं, पण समोर वाचण्याजोगं काही ठेवलेलंच नसतं. दोन बोटं रुंद पडद्यावर यंत्राची भाषा दाखवायची आणि नुकसान झालं की गिऱ्हाइकाला अडाणी ठरवायचं, हा सावकारी कावा आहे. 'किती नाणी, कुणाला, कशाची परवानगी' हे साध्या शब्दांत दाखवता येत नसेल, तर ते यंत्र अर्धवट आहे. आणि वाचता न येणाऱ्या सहीवरच ज्याचा धंदा चालतो, त्या ॲपला आपल्या पैशावर हक्क नाही.

'मग बरीच ॲप्स वापरताच येणार नाहीत!' हो, नका वापरू. कशासाठी ते सेटिंग चालू करावंच लागलं, तर त्या कामापुरते थोडे पैसे वेगळ्या वॉलेटमध्ये काढा, पुंजीला हात लावू नका. पैसे पाठवताना पत्ता मोबाईलवर नाही, यंत्राच्या पडद्यावर ताडून पाहा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि यंत्र अडून बसलं तर त्याच्यावर चिडण्याआधी विचार करा: या सगळ्या साखळीत तुम्हाला 'थांब' म्हणणारं तेवढं एकच आहे.