राखीव जागा कोणाची, मत कोणाचे?



आपल्या जालना जिल्ह्यातील पाच विधानसभा मतदारसंघांपैकी बदनापूर हा २००८ च्या पुनर्रचनेपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे उमेदवार अनुसूचित जातीचाच असावा लागतो. परंतु त्याला निवडून देणारे मतदार सर्व समाजांचे असतात आणि त्यांत आपण अल्पसंख्य. तेव्हा निवडून येणारा गृहस्थ कोणाच्या रोषाला भिईल, याचा हिशेब आपणच करावा. त्या गृहस्थास मी दोष देत नाही. दोष पद्धतीचा आहे.

१९३२ च्या ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदाराला दोन मते दिली होती: एक स्वतःच्या खास मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण खास मतदारसंघातील ते मत गेले. (आपले आजे-पणजे तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते. त्यांना ना निवाडा लागू, ना करार. प्रौढ मताधिकार येथे १९५१-५२ सालीच आला.) १९४७ च्या ऑगस्टमध्ये श्री. नागप्पा यांनी घटना समितीत सुचविले की, राखीव जागेवरील विजयी उमेदवारास निदान ३५ टक्के मते अनुसूचित जातींची मिळालेली असावीत. ही सूचना पुढे मागे घेण्यात आली.

ही गोष्ट किती महत्त्वाची, हे १९५२ साली उत्तर मुंबईत दिसले. दोन जागांच्या त्या मतदारसंघात प्रत्येकास दोन मते होती. मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देण्याची मुभा नव्हती. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. त्यांना हरविणारा उमेदवारही अनुसूचित जातीचाच होता! राखीव जागा रीतसर भरली गेली. बाबासाहेब मात्र बाहेर राहिले. पुढे १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले. आणि धर्मांतरित बौद्धांना तर १९९० पर्यंत राखीव जागेवर उभेही राहता येत नव्हते.

एक गोष्ट लपवू नये. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीपुढे आली, ती बाबासाहेबांनीच नाकारली. लोक निरक्षर आहेत आणि सरकारे अस्थिर होतील, ही त्यांची कारणे होती. १९५१ साली देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ मध्ये ती ७३ च्या आसपास गेली. दुसरे कारण मला आजही पटते. म्हणून मी पूर्ण प्रमाणशीर पद्धत मागत नाही. बाबासाहेबांनीच १९४७ च्या आपल्या निवेदनात मागितलेली मते एकवटण्याची मुभा मागतो.

समजा, जिल्ह्याच्या पाचही जागा एकाच मतदारसंघात आणल्या, प्रत्येकास पाच मते दिली आणि ती सर्व एकालाच देण्याची मोकळीक ठेवली. मग सहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक मतदार एकवटले, तरी त्यांचा एक प्रतिनिधी कोणाच्याही मर्जीवाचून निवडून येतो. मात्र तो सहावा हिस्सा आपण एकटे भरत नाही. त्यासाठी शेजारच्या मातंग, चर्मकार वस्तीत आणि भूमिहीन मजुरांच्या घरी जाऊन बोलावे लागेल, आणि ते बोलणे आपण आजवर फारसे केलेले नाही.