जुन्या पाटीला फळकूट म्हणू नका!

दुकानाची पाटी आपण वाचतो कधी? हॉस्टेलवर नवीन आलो की झेरॉक्सचं दुकान आणि मेस सापडेपर्यंत! एकदा वाट पाठ झाली की पाटी राहिली काय अन् गेली काय.

आपल्याकडे पाट्या बदलायला अलीकडे दोन कारणं मिळाली. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. 2023 मध्ये उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. नव्या पाट्या जरूर लागाव्यात. माझं म्हणणं एवढंच, की उतरवलेली जुनी लाकडी पाटी बंबात घालू नका.

कारण ती पाटी म्हणजे एक कागदपत्रच आहे. फक्त वाचता आलं पाहिजे. तिच्यावर उर्दू ओळ दिसली तर दचकायचं कारण नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथली राजभाषा उर्दू होती. उस्मानाबाद हे नावही सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरूनच पडलेलं. पत्त्यात ‘हैदराबाद राज्य’ असेल तर मजकूर बहुधा 1956 च्या आधीचा, कारण त्या साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचा. लॅबमध्ये आपण रीडिंग घेतो, तसंच हे रीडिंग!

कुणी म्हणेल, जुनं नाव जपणं म्हणजे निजामाचा उदो उदो करणं. मला हे पटत नाही. जपणं म्हणजे मुजरा करणं नव्हे. उलट नाव का बदललं, हे पुढच्या पोरांना समजवायला जुनी पाटी हाताशी हवीच ना?

आणि कुणी म्हणेल, एका फळकुटाचं एवढं कौतुक कशाला? त्यानं एसटी पकडून तेरला जाऊन यावं. तेर म्हणजे प्राचीन तगर, व्यापाराची मोठी पेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू हौसेनं जमवल्या. त्यातूनच तेरचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. त्याच गावातल्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट अभ्यासक आजही वाखाणतात. तीही शेवटी लाकूडच की!

आपण काय करू शकतो? एनएसएसच्या मुलांनी एक रविवार बाजारपेठेत घालवावा. मालकाची परवानगी घेऊन पाटीचा फोटो काढावा, लांबी-रुंदी मोजावी, दुकानात आजोबा बसलेले असतील तर चार प्रश्न विचारावेत. कुणाला पाटी नकोच असेल तर ती कॉलेजच्या लायब्ररीत ठेवायला मागून घ्यावी. सरांनी एवढी जागा दिली तरी पुरे.

फोटो काढायला मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. पाटी बंबात जायच्या आधी पोहोचलं पाहिजे, बस्स!