मागून घेतलेली वेल

अंजूरफाट्यालगतच्या राहनाळात भातखाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्याला आता बराच काळ लोटला. या गोदामांच्या दर्शनी कोपऱ्यात काचेची एक छोटी कचेरी असते. तिच्यात टेबल, गल्ला, भगवंतांची तसबीर, पावत्यांचे गठ्ठे आणि बहुधा एखाद्या जुन्या बाटलीत उभी असलेली मनी प्लांटची वेल. बाहेर मालमोटारींची धूळ, आत एसीची कोरडी थंडी आणि उन्हाची वानवा. तरी ती जगते. या चिवटपणामुळेच इंग्रजीत तिला ‘सैतानाची वेल’ असेही नाव पडले. आपल्याकडे मात्र ती लक्ष्मीच्या पावलांनी येते असे मानले जाते.

तिच्याविषयीची एक समजूत व्यापारी घरांत फार दृढ आहे. विकत घेतलेली वेल बरकत देत नाही, मागितलेली तर मुळीच नाही; दुसऱ्याच्या घरून गुपचूप खुडून आणलेलीच फळते, असे म्हणतात. मग पाहुणे म्हणून गेलेल्या घरातून फांदी पिशवीत येते. अनेकदा हे काम घरातल्या लहान मुलाकडे सोपवले जाते आणि त्याचे हसत कौतुकही होते. गंमत म्हणून सोडून द्यावी एवढी ही गोष्ट लहान नाही. न दिलेले न घेणे, हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी एक. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनमापे आणि भेसळ तर आहेतच; पण यादीत अगदी पहिला आहे तो ‘स्तेनप्रयोग’, म्हणजे दुसऱ्याला चोरी करण्यास प्रवृत्त करणे. काट्यावर शंभर ग्रॅमही इकडेतिकडे होऊ न देणाऱ्या पेढीने गल्ल्याशेजारी चोरीची फांदी ठेवावी आणि तिच्याकडून बरकतीची अपेक्षा करावी, हा हिशेब जुळत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर चोरीची गरजच उरत नाही. ही वेल मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाची. १८८० मध्ये युरोपीय उद्यानतज्ज्ञांनी तिला ‘पोथॉस’ गणात घातले. १९६४ पासून तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे आहे. नावाचा हा घोळ इतका लांबला याचे एक कारण म्हणजे ती फुलतच नाही, आणि फुलावाचून वनस्पतीची ओळख पटवणे अवघड. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, असे हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. ते बाहेरून फवारल्यावर तिला फुले आली. फूल नाही म्हणजे बी नाही. घराघरांतील वेल कोणाच्या तरी वेलीची फांदीच असते. शिवाय शेंडा कापला की खालच्या पेरांतून नवे फुटवे येतात, त्यामुळे देणाऱ्याची वेल उलट दाट होते. म्हणून सरळ मागावी. देणारा आनंदाने देतो.

फांदी घेताना पेराकडे लक्ष द्यावे. पानाच्या देठाशी खोडावर जो तपकिरी उंचवटा दिसतो, तिथूनच मूळ फुटते. पेराशिवाय नुसते पान पाण्यात ठेवले तर ते कितीही दिवस हिरवे राहिले तरी त्याची वेल होत नाही. दोन-तीन पानांची फांदी पेराच्या किंचित खाली स्वच्छ कात्रीने कापावी. वनस्पतीतही जीव मानणाऱ्या घरात ओढून, पिरगळून तोडणे शोभत नाही, आणि जखम मोठी झाली की फांदी कुजतेही.

बाटलीचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, पण भांडी कोरडी करताना गल्ल्यावरची शोभेची बाटली कोणाच्या ध्यानात येत नाही. महिन्याने पाणी ओतावे तर त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. त्या वेळी काय करावे, या प्रश्नाला अहिंसेचे समाधानकारक उत्तर उरलेलेच नसते. ओतल्या तरी हिंसा, ठेवल्या तरी रोग. म्हणून ती वेळ येऊच देऊ नये. मुळे बोटभर लांब झाली की फांदी मातीच्या कुंडीत लावावी. पाण्यातच ठेवायची असेल तर दर चार-पाच दिवसांनी पाणी बदलावे, बाटली आतून घासावी, कारण अंडी काचेला चिकटून राहतात, आणि खोडाभोवती बाटलीच्या तोंडाशी कापूस घट्ट बसवावा. भिवंडीत कापसाला काय तोटा!

कुंडीत मात्र उलटी चूक होते. प्रेमापोटी रोज पाणी घातले जाते आणि मुळे गुदमरून कुजतात. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच पाणी. पावसाळ्यात ही पाळी आठवड्यावरही जाते. पाने पिवळी पडून माती ओली असेल तर पाणी जास्त झाले आहे. पाने मलूल आणि माती कोरडी असेल तर कमी. खिडकीजवळचा, पण थेट उन्हाचा नसलेला उजेड तिला मानवतो. अंधाऱ्या कचेरीत पानांवरचे पिवळे पट्टे पुसट होतात. सिमेंटच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात होणारी भट्टी तिला सोसत नाही. यंत्रमाग आणि रस्ता यांची धूळ पानांवर साचते, ती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. पुसताना पिठ्या किडीचे पांढरे ठिपके वेळीच दिसतात आणि पुढे औषध मारण्याची पाळी टळते.

खताबाबत एक सावधगिरी हवी. रोपवाटिकेत तयार मिळणाऱ्या मिश्रणात हाडांचा चुरा किंवा मासळीचा अंश असू शकतो. पिशवीवरचे वाचावे, विचारावे. जुने शेणखत आणि निंबोळी पेंड या वेलीला पुरून उरते.

ही वेल हवा शुद्ध करते म्हणून ती घ्यावी असे विक्रेते सांगतात. त्याचे मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगांत आहे. पण ते बंद पेटीत झाले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे निघाले. गोदामात खिडकी उघडणे स्वस्त पडते.

वेल अळूच्या कुळातील आहे, आणि अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक तिच्या अंगात असतात. रांगत्या बाळाने पान चावले तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात. कुंडी उंचावर ठेवावी. मात्र लोंबती सोडली की पाने लहान होत जातात. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवली तर ती मोठी होतात. बागेतल्या आंब्यावर चढलेल्या याच वेलीची पाने सुपाएवढी झालेली दिसतात, तेव्हा ओळख पटत नाही. छाटलेले तुकडे नाल्यात वा कामवारीच्या काठी टाकू नयेत. श्रीलंकेत आणि हवाई बेटांत ती अशीच रानात शिरून मूळच्या झाडांवर पसरली आहे. वाढलेल्या फांद्या शेजारच्या गाळ्यात विचारून द्याव्यात.

रुजवण्यास पावसाळ्यासारखा काळ नाही. आषाढात मागून आणलेली फांदी कुंडीत लागली तर दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत तिला चार-पाच नवी पाने येतात.