‘क्लीन’ म्हणे! मग बाकीचं काय, घाण?

स्पष्टच लिहिते. मेकअप ही माझी हौस नाही, नोकरीचा भाग आहे. मी ठाण्यात एका ऑफिसच्या फ्रंट डेस्कवर बसते. लिपस्टिक-काजळ न लावता गेलं की ‘आज बरं नाही का?’ असं विचारलं जातं, आणि त्या विचारण्याचा अर्थ आम्हाला बरोबर कळतो. मॉलमधल्या सेल्सगर्ल्स, हॉटेलातल्या रिसेप्शनिस्ट, सगळ्यांचं हेच. आठ-नऊ तास ते चेहऱ्यावर असतं, आणि लिपस्टिक तर थोडीफार पोटातच जाते. तेव्हा ‘बायकांचे नखरे’ म्हणून ही पोस्ट सोडून देऊ नका.

गेले सहा महिने मी स्वस्तातला ‘क्लीन’ मेकअप वापरून बघतेय. प्रत्येक वस्तू पाचशेच्या आतली. लिपस्टिक, काजळ, टिंट, कॉम्पॅक्ट, फाउंडेशन. वापरायला वाईट नाही. डबा खाल्ला की लिपस्टिक परत लावावी लागते आणि आपल्या दमट हवेत काजळ चार वाजेपर्यंत गालावर येतं, पण ते महागडंही येतं. माझी तक्रार मालाबद्दल नाही, त्या शब्दाबद्दल आहे.

आपल्याकडे कॉस्मेटिक्ससाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली २०२० चे नियम आहेत. त्यात ‘क्लीन’ची व्याख्याच नाही. ज्याला वाटेल त्याने छापावं.

बरं, ‘क्लीन’ म्हणून अभिमानाने काय सांगतात? ‘क्रुएल्टी-फ्री’. अहो, भारतात कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे! ‘नो लेड, नो मर्क्युरी’. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्यानेच मनाई आहे. रंगद्रव्यात चुकून येणाऱ्या शिशाला २० पीपीएमची मर्यादा आहे. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर बाकी मालात नकळत आलेला पाराही १ पीपीएमच्या वर चालत नाही. म्हणजे कायद्याने जे करायलाच हवं, तेच आम्हाला उपकार म्हणून विकलं जातंय. उद्या एखादा वडापाववाला ‘आमच्या वड्यात खिळे नाहीत’ अशी पाटी लावून पाच रुपये जास्त घेईल, आणि आपण देऊ?

‘पॅराबेन-फ्री’चंही तसंच. पॅराबेन हे मेकअप नासू नये म्हणून घालतात. युरोपात त्यातल्या काहींवर बंदी आहे, काही ठरावीक प्रमाणात आजही चालतात. ते काढलं की दुसरं काहीतरी घालावंच लागतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे असंच एक ‘दुसरं’. त्याच्या अ‍ॅलर्जीचे इतके रुग्ण निघाले की २०१७ मध्ये युरोपने त्वचेवर राहणाऱ्या कॉस्मेटिक्समध्ये ते बंदच केलं. तेव्हा काय नाही हे मोठ्या अक्षरात सांगू नका, काय आहे ते सांगा.

आणि खरी मेख इथेच आहे. घटकांची यादी छापायचा नियम आहे. पण ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन मालाला त्यातून सूट आहे. आता लिपस्टिक केवढी असते? तीन-चार ग्रॅम. काजळ तर ग्रॅमभरही नसतं. म्हणजे शाम्पूच्या मोठ्या बाटलीवर यादी सक्तीची आणि जे ओठांवर, डोळ्यांत जातं त्यावर ऐच्छिक! काही कंपन्या आपणहून छापतात, त्यांचं कौतुक. पण ग्राहकाचा हक्क कंपनीच्या मर्जीवर का?

माझाच अनुभव सांगते. एका ‘शंभर टक्के नॅचरल’ लिप टिंटने माझे ओठ चार दिवस सोलवटले. डबीवर यादी नव्हती. कंपनीला मेल करून विचारलं की यात आहे काय. उत्तर आलं, फॉर्म्युला गोपनीय आहे, पण पूर्णपणे नैसर्गिक आहे. घ्या! शिसं, पारा हेही निसर्गातलेच की. परंपरेने डोळ्यांत घालतात त्या सुरम्यात शिशाचं खनिज सापडतं. आणि आपली साधी टिकली? तिच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरे डाग पडतात, हे त्वचारोगतज्ज्ञ कधीपासून सांगतायत.

कुणी म्हणेल, ‘जागरूक राहा, वाचून घ्या.’ काय वाचायचं? अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची किडनी स्किन क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा काही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो प्रयोगशाळेत दिसतो, आणि प्रयोगशाळा सरकारकडे आहे, माझ्या पर्समध्ये नाही.

म्हणून मला ‘क्लीन’ नावाचा वेगळा कप्पाच मान्य नाही. पाचशेवाली ‘क्लीन’, मग आठवडी बाजारातली पन्नासवाली काय? ती घेणाऱ्या बाईची किडनी वेगळी असते का? सुरक्षित असणं हा लिपस्टिकचा महागडा शेड नाही. दहा रुपयांच्या टिकलीपासून दोन हजारांच्या फाउंडेशनपर्यंत ती किमान अट आहे.

मागण्या साध्या आहेत. एक, लहान पॅकची सूट काढा. जागा नसेल तर क्यूआर कोड द्या, दुकानात यादी लावा. त्याने कुठलीही छोटी कंपनी बुडत नाही. दोन, अन्न व औषध प्रशासनाने बाजारातून नियमित नमुने उचलावेत, रिकामी पदं भरावीत आणि नापास मालाची नावं मराठीत जाहीर करावीत. तीन, ‘क्लीन’, ‘नॅचरल’ म्हणायचं असेल तर पुरावा द्या. पर्यावरणाबाबतच्या फसव्या दाव्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये हेच सांगितलंय, मग आमच्या त्वचेबाबतच्या दाव्यांना वेगळा न्याय का?

तोवर एवढं करा. उत्पादकाचं नाव-पत्ता आणि लायसन्स नंबर नसलेलं काही घेऊ नका. आठवड्यात गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीमला तर हातही लावू नका. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा.

पटलं तर शेअर करा, कॉपी-पेस्ट केलंत तरी चालेल. आणि पुरुष मंडळी, तुम्हीही. घरातली एखादी लिपस्टिक उलटीपालटी करून बघा आणि घटकांची यादी सापडते का ते खाली लिहा.