पाहणाऱ्याने वाचावे

श्रावण लागला की शनिशिंगणापूरचा रस्ता शनिवारागणिक फुलत जातो. घोडेगावच्या फाट्यावरून आत वळणारी वाहने, दुतर्फा उसाचे मळे, बैलाच्या चरकावर चालणाऱ्या रसवंत्या, रुईच्या माळा आणि तेलाच्या बाटल्या मांडून बसलेली दुकाने, हे सारे आपल्या नगर जिल्ह्याला इतके सवयीचे आहे की त्याचे वर्णन करावे असेही आपल्याला वाटत नाही. या गर्दीत गेल्या काही वर्षांत एकाच गोष्टीची भर पडली आहे. पूर्वी चौथऱ्याकडे फक्त जोडलेले हात वळत, आता त्या हातांत फोनही असतो. १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन बहुतेक वर्षी याच श्रावणाच्या सोबतीने येतो. आपण सगळेच आता छायाचित्रकार झालो असताना या दिवसाचे औचित्य काय, हे शिंगणापूरच्याच साक्षीने मनाशी तपासून पाहावेसे वाटते.

१९ ऑगस्ट १८३९ या दिवशी पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची रीत फ्रेंच सरकारने जाहीरपणे खुली केली. दागेर यांना निवृत्तिवेतन देऊन सरकारने ती विद्या घेतली आणि इंग्लंडमधील पेटंटचा अपवाद सोडला, तर साऱ्या जगाला ती विनामूल्य देऊन टाकली. ज्या गावाने घराला दार आणि दाराला कुलूप न लावण्याचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या गावाच्या शिवेत उभे राहून या उदारपणाची आठवण काढताना मन भरून येते. मात्र विद्या खुली झाली, म्हणून ती आपोआप अंगी येत नाही, हेही त्याच वेळी ध्यानात येते.

शिंगणापूरच्या देवाला छप्पर नाही, गाभारा नाही आणि चेहराही नाही. उघड्या चौथऱ्यावर सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा ऊन, वारा, पाऊस झेलत उभी आहे आणि तिच्यावर अखंड तेल ओघळते आहे. या शिळेचे छायाचित्र घेणे भलतेच अवघड आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर येईल त्या प्रत्येक वस्तूला मधल्या करड्या छटेची मानून चालतो. त्यामुळे शिळेने चौकट भरली की तिचा काळा रंग राखाडी उतरतो, तेलावरची चमक फुटते आणि मागचे आभाळ पांढरेफटक होऊन जाते. काळ्याला काळे ठेवायचे, तर घेणाऱ्याला यंत्राचे म्हणणे बाजूला सारून प्रकाश आपल्या हाताने कमी करावा लागतो. समोरची वस्तू मुळात काय आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच हे सुचते. जाणण्यावाचून पाहणे अपुरे राहते आणि जाणण्याची वाट वाचनातूनच जाते.

या गावाइतके हे कोणाला पटावे? दाराविना मोकळी चौकट आणि तिच्यात उभे असलेले कुटुंब हे शिंगणापूरचे चित्र आजवर देशोदेशी पोहोचले. चित्र खोटे नव्हते, पण एकटे होते. २०११ साली युको बँकेने कुलपाविना चालणारी शाखा इथे उघडली, २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, चौथऱ्यावर जाण्याचा हक्क स्त्रियांनाही मिळाला. श्रद्धा, व्यवहार आणि न्याय यांची इतकी मोठी उलाढाल ज्या गावाने अनुभवली, त्याची ओळख एका चौकटीत कशी मावेल? एका चित्रामागून दुसरे यावे, दोहोंच्या मध्ये शब्दांनी उभे राहावे, पान उलटताना काळ पुढे सरकावा आणि आधीच्या चित्राचा अर्थ नंतरच्या चित्राने बदलावा, हे काम छायाचित्रांचे पुस्तकच करू शकते. असे पुस्तक आणि त्यावरचे चांगले लेखन हाती घेणे हेच या दिवसाचे खरे पालन, असे आम्हाला मनापासून वाटते.

शिंगणापूर ज्यात येते, त्याच नेवासे तालुक्यात आणखी एक दगड आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैसाचा खांब. त्याचीही छायाचित्रे निघतात. पण आजच्या मराठी मनात तो ज्या उंचीने उभा आहे, ती उंची त्याला दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ने दिली. १९७१ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवलेल्या या पुस्तकात एकही यंत्र न वापरता दुर्गाबाईंनी पाहण्याची रीत शिकवली. वस्तूपाशी थांबायचे, तिच्या आसपासचा अवकाश अंगावर घ्यायचा आणि मगच बोलायचे. कॅमेरा हाती धरणाऱ्या प्रत्येक तरुणाने आधी हे पुस्तक वाचावे.

छायाचित्रांच्या पुस्तकाची परंपरा आपल्याकडे परकी नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी जोडले गेले. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींवरचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. छायाचित्र थेट छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून पानोपानी खऱ्या प्रती चिकटवाव्या लागत. त्या खंडांतली माणसे एका जागी टिपलेली आणि त्यांच्या मागचे मुंबईचे देखावे दुसरीकडून आणून जोडलेले, अशी त्यांची घडण होती. पानाखाली जात आहे, धंदा आहे. त्या माणसाचे नाव मात्र बहुधा नाही. चित्र मिळाले आणि माणूस हरवला, ही उणीव पहिल्या पिढीने मागे ठेवली. ती भरून काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे आले.

ते काम आपल्या काळात निष्ठेने झाले आहे, होत आहे. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी या दोन्ही विषयांवर मराठीत पुस्तके केली. ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ पाहताना फडाबरोबरचे फिरस्तीचे जगणेही आपल्यापुढे उलगडते. तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचे संगमनेर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथालयात हे पुस्तक असायला हवे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांच्या जगण्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आणि ज्यांच्याकडे शहर नजर टाळून जाते, त्यांच्या डोळ्यांत आपल्याला पाहायला लावले. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांनी गौरी गिल यांच्यासह २०१३ पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ उभे केले. त्यात गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर वांगड आपल्या बारीक रेषांनी त्या भूमीच्या कथा रेखाटतात. कॅमेऱ्याला समोर नुसते माळरान दिसते. रेषा तिथले तुटलेले जंगल, देव आणि पूर्वज परत आणून ठेवते. ज्याचे चित्र घ्यायचे त्यालाच चित्राचा कर्ता करावे, इतका मोठा धडा या एका पुस्तकात आहे. आणि दयानिता सिंग यांचे २०१३ चे ‘फाइल रूम’! दप्तरखान्यांतली कपाटे, फडक्यांत बांधलेले कागदांचे रुमाल, छतापर्यंत पोहोचलेल्या चळती आणि त्यांची राखण करणारी माणसे. पेशवे दप्तराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राला ही पाने कधी परकी वाटणार नाहीत.

छायाचित्रांविषयी लिहिलेलेही वाचायला हवे. सुसान सोन्टॅग यांच्या ‘ऑन फोटोग्राफी’ला आता जवळपास अर्धशतक होत आले. १९७७ च्या त्या पुस्तकाने छायाचित्र घेणे म्हणजे समोरच्याचे काहीतरी ताब्यात घेणे आहे, ही जबाबदारीची जाणीव जगाला दिली. वारीत, जत्रेत, दुष्काळात, कोणाच्या दुःखाच्या घरी कॅमेरा उचलताना ती जाणीव आपल्याजवळ असली पाहिजे. रोलाँ बार्थ यांच्या १९८० च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’ची गोष्ट तर हृदयाला हात घालणारी आहे. आई गेल्यानंतर तिची छायाचित्रे चाळताना त्यांना तिचे बालपणीचे एक छायाचित्र सापडले आणि त्यात त्यांना आपली आई खऱ्या अर्थाने भेटली. पुस्तकाचा अर्धा भाग त्या एका छायाचित्राभोवती फिरतो, पण ते छापलेले मात्र नाही. इतरांना ते एक साधे जुने चित्र वाटेल, हे बार्थ जाणून होते. म्हणून त्यांनी ते स्वतःपाशी ठेवले आणि आपल्याला त्याबद्दलचे शब्द दिले. ते शब्द वाचून कोणाला आपल्या घरच्या भिंतीवरची, हार घातलेली तसबीर आठवणार नाही?

या वाचनाला अडचणी आहेत, हे खरे. अशी पुस्तके महाग असतात, थोड्या प्रती निघतात, त्यांतली बरीच इंग्रजीत असतात आणि तालुक्याच्या गावी त्यांचे दर्शनही घडत नाही. एकट्या वाचकाला न परवडणारे पुस्तक सर्वांना मिळावे, यासाठीच तर सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात ज्यांचे जाळे विणले गेले, त्या ग्रंथालयांनी दरवर्षी छायाचित्रांचे एखादे तरी पुस्तक घ्यावे आणि ते कपाटात बंद न ठेवता मेजावर उघडे ठेवावे. देवस्थानांनी आपल्या गावाचा चित्रमय इतिहास जाणत्या छायाचित्रकाराकडून आणि तितक्याच जाणत्या लेखकाकडून करवून घ्यावा. प्रकाशकांनी या विषयावरची चांगली पुस्तके मराठीत आणावीत. शाळांनी मुलांना एक छायाचित्र समोर ठेवून त्यावर पानभर लिहायला सांगावे.

आणि एक काम आपल्या प्रत्येकाच्या घरातले आहे. लग्नाचे, बारशाचे, जत्रेचे, शेतातल्या पहिल्या मोटारपंपाचे जे फोटो पत्र्याच्या पेटीत पडून आहेत, ते या श्रावणात बाहेर काढू या. घरातली वडीलधारी माणसे सांगू शकतात तोवर त्यांना विचारू या आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवू या. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांत अनोळखी होतो. तो होऊ न देणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी १९ ऑगस्टची वाट पाहण्याचेही कारण नाही.