डेड नाही, जंपर चुकलाय

माझ्या मामाची हार्ड डिस्क मेली आहे, असं तीन जणांनी सांगितलं. तिघांपैकी एकानेही तिच्यावरचं लेबल वाचलं नव्हतं.

बार्शीत मामाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि अधूनमधून एखादं पुस्तक. २०११ मध्ये दुकान बंद झालं, मशीन माळ्यावर गेलं. गेल्या वर्षी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या आईने, म्हणजे एका प्राथमिक शिक्षिकेने, आसपासच्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, तीनशे प्रती. टायपिंग मामाचं. आता आई नाहीत आणि घरातली शेवटची प्रत वाळवीने खाल्ली. “तुमच्या कॉम्प्युटरात असेल ना?” बाईंनी विचारलं.

मामाने डिस्क काढून गावातल्या रिपेअरवाल्याकडे नेली. त्याने ती यूएसबीच्या अडॅप्टरला लावली, स्क्रीनवर काही आलं नाही, “काका, डेड आहे.” शहरातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याने न उघडताच अठरा हजार सांगितले. तिसरा माझा कॉलेजमधला मित्र. फोटो पाहून त्याने मेसेज केला, ‘वीस वर्षांची डिस्क आहे भाई, सोड.’

माझा राग त्या तिसऱ्यावर आहे. म्हणजे आपल्यावरच, कारण त्याची आणि माझी डिग्री एकच आहे.

झालं होतं ते इतकंच. २००३ च्या आधी घरोघरच्या पीसीत आयडीई पद्धतीच्या डिस्क असायच्या. चपटी, राखाडी, चाळीस पिनांची केबल आठवते? त्या एका केबलवर दोन उपकरणं बसतात. कोणतं पहिलं आणि कोणतं दुसरं हे ठरतं डिस्कच्या मागच्या बाजूला असलेल्या जंपरने. जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी, तुरीच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. मामाची ही डिस्क मशीनमध्ये नंतर घातलेली, म्हणून तिचा जंपर ‘स्लेव्ह’वर होता. बरेच यूएसबी अडॅप्टर मात्र ‘मास्टर’ शोधतात. तो सापडला नाही की गप्प बसतात. काही कंपन्यांच्या डिस्कना तर एकटं लावायचं असेल तर जंपर काढूनच टाकावा लागतो. हे सगळं डिस्कच्या लेबलवर आकृतीसह छापलेलं असतं. मी चिमट्याने जंपर एक घर सरकवला. डिस्क दिसली.

(हे मास्टर-स्लेव्ह शब्दही खोटेच. दोन्ही डिस्कना स्वतःचा कंट्रोलर असतो, कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. प्रमाणपत्रकात त्यांना नुसतं डिव्हाइस शून्य आणि डिव्हाइस एक म्हणतात. आमच्या धंद्याला मालक-गुलाम म्हटल्याशिवाय दोन वस्तू शेजारी ठेवता येत नव्हत्या, हा वेगळा विषय.)

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मी ‘सेकंडरी स्टोरेज’वर दहा मार्कांची उत्तरं लिहिली. सिलिंडर, ट्रॅक, सेक्टरच्या गोल आकृत्या कंपास लावून काढल्या. खरी डिस्क एकदाही हातात आली नाही. पॉवरच्या चार पिनी कनेक्टरमध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंड, आणि तो कनेक्टर जोर लावून उलटा बसवला तर डिस्कचं बोर्ड जळतं, हे मला त्याच रिपेअरवाल्याने शिकवलं. म्हणजे त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं. जंपरचं तेवढं तो विसरला होता, कारण दहा वर्षांत त्याच्याकडे अशी डिस्क कोणी आणलीच नव्हती.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: “आता सगळं क्लाउडवर आहे.” कोणाचं सगळं? बार्शीच्या शिक्षिकेच्या ओव्या क्लाउडवर कोणी चढवल्या? युनिकोड हाताशी येण्याआधीचं कितीतरी मराठी टायपिंग तालुक्याच्या डीटीपी दुकानांत झालं. स्थानिक साप्ताहिकं, दिवाळी अंक, पदरमोड करून काढलेले पहिले कवितासंग्रह, स्मरणिका. ज्यांची पुस्तकं मोठे प्रकाशक काढत नव्हते, त्यांची सॉफ्ट कॉपी कुठे असेल तर असल्याच डिस्कवर. आणि त्या डिस्क आज भंगारात किलोने जातात. घरातल्या वह्या रद्दीत घालताना आपण निदान एकदा चाळतो. डिस्क चाळता येत नाही, म्हणून तिच्यात काही नाही असं धरून चालतो.

दुसरा आक्षेप जरा शहाणा: “मग अडॅप्टरने कॉपी करून घे आणि डबा फेक. जुनं मशीन कशाला चालू ठेवायचं?” मलाही आधी असंच वाटलं होतं. डिस्कची इमेज मी लिनक्सवर डीडीरेस्क्यूने काढली. (थेट विंडोजला लावू नका, ती न विचारता डिस्कवर काहीबाही लिहीत बसते.) ओव्यांची फाइल सापडली. पेजमेकर ६.५ ची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली, त्यानंतर ते सॉफ्टवेअर संपलं. कसंबसं उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची नुसती भेळ. कारण फॉन्ट युनिकोडपूर्व. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची आपापली गणितं, एकाचा ‘क’ दुसऱ्याचा भलताच काही. मामाचं फॉन्टचं पॅकेज मशीनच्या मागे लावलेल्या डाँगलशिवाय चालत नाही. ते डाँगल पॅरलल पोर्टचं. आणि पॅरलल पोर्ट माझ्या कुठल्याच लॅपटॉपला नाही. म्हणजे फाइल वाचायला फॉन्ट, फॉन्टला डाँगल, डाँगलला पोर्ट आणि पोर्टला ते माळ्यावरचं धूड.

मग ते खाली उतरवलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले नाहीत ना, हे आधी पाहिलं. त्या काळातल्या बोर्डांचा हा ठरलेला रोग. बटण सेल संपला होता, म्हणून बायोस डिस्क विसरलं होतं, ती पुन्हा ओळखायला लावली. केबलची लाल कड पहिल्या पिनेच्या बाजूला, सिस्टिमची डिस्क मास्टर, दुसरी पुन्हा स्लेव्ह. विंडोज ९८ चा तो आवाज आला तेव्हा मामी स्वयंपाकघरातून बघायला आली. म्हणाली, “आता हा परत रात्र रात्र बसणार.”

फाइल उघडली. पुस्तकात १२८ पानं होती, फाइलमध्ये १६८. कागदाचा खर्च परवडत नाही म्हणून शिक्षिकाबाईंनी चाळीस पानं ऐनवेळी काढली होती. मामाने ती डिलीट केली नव्हती. त्या पानांवर प्रत्येक ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. छापील पुस्तकात नावं नाहीत.

तिसरा आक्षेप घेणाऱ्यांना काय सांगायचं कळत नाही. ते म्हणतात, “पण हे वाचणार कोण?”

जुन्या कॉम्प्युटरचा छंद असणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. पण त्यांच्यातल्या बहुतेकांची धाव लहानपणीच्या गेम्सपर्यंत. खेळा, जरूर खेळा. पण जो माणूस जुन्या मशीनमधली डिस्क काढून तिथे अडॅप्टरने कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवतो, त्याच्याकडे तालुक्याच्या वाचनालयाला हवं असलेलं सगळं कसब आहे. एक चालू पेंटियम, एक आयडीई केबल, एक चांगला सीडी ड्राइव्ह. एवढं जिल्हा ग्रंथालयात का असू नये? अनुदानातून घेतलेले नवेकोरे कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकून ठेवता, तर त्यांच्या शेजारी एक जुनं ठेवा.

सीडींची कथा डिस्कपेक्षा वाईट आहे. मामाकडे बॅकअपच्या ६४ सीडी निघाल्या. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते, तो उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो. आणि आपण जपतो चमकणारी बाजू, पण तो थर असतो लेबलच्या बाजूला, पातळ लॅकरखाली. तिथे ओरखडा गेला तर खेळ खलास. मामाने ग्राहकांची नावं बॉलपेनने, दाबून लिहिली आहेत. अकरा सीडी अजून वाचता आलेल्या नाहीत. दोन कोऱ्या वाटत होत्या, पण त्यांच्यावर अनेक सेशन होते आणि शेवटचं सेशन अर्धवट राहिलेलं. आधीची सेशन उघडली तेव्हा एका साप्ताहिकाचं १९९९ चं अर्धं वर्ष मिळालं. जो ड्राइव्ह वाचत नाही तो बदलून बघायचा, हा एकच उपाय. मी तीन ड्राइव्ह भंगारवाल्याकडून आणले, दीडशे रुपयांत तिन्ही. नव्या लॅपटॉपला जे जमलं नाही ते त्यातल्या एका कळकट डीव्हीडी रायटरने केलं.

ओव्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर चालू आहे. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतो, म्हणून ओळ न् ओळ हाताने तपासावी लागते. ते काम शिक्षिकाबाईंच्या मुलीने घेतलं आहे. परवा त्यांचा फोन आला. चाळीस पानांतल्या एका नावाच्या बाई अजून आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, पण ओवी वाचून दाखवल्यावर त्यांनी एक शब्द दुरुस्त केला. मामाची टायपिंगची चूक होती. तो म्हणाला, “कॉपीत तसंच होतं रे.”