आडात आधी कंदील सोडा

उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की अंबडकडे जुन्या वाड्यातल्या आडाचा गाळ काढायचे निघते. गडी येतो, पाटी-दोर येतो आणि तुम्ही चहा टाकायला आत वळता. थांबा! तो उतरण्याआधी पेटता कंदील दोराला बांधून पार तळापर्यंत सोडायला सांगा.

कंदील विझला किंवा मिणमिणू लागला, तर खाली कार्बन डायऑक्साइड साचला आहे असे समजा. हा वायू हवेच्या दीडपट जड. रंग नाही, वास नाही. ज्वारीच्या पेवातही हाच असतो, कारण साठवलेले धान्यसुद्धा श्वास घेते. म्हणून तर जुनी माणसे पेव उघडून ठेवत आणि मगच आत उतरत. आडात पालेदार फांदी बांधून बराच वेळ वरखाली करा आणि पुन्हा कंदील सोडा. तो जळत राहिला तरी गड्याच्या कमरेला दोर हवाच, वर दोघे हवेत. तो कोसळला तर वरूनच ओढायचे. त्याच्यामागे दुसरा उतरला, की दोघेही जातात.

हा वायू मुलांना दाखवायचा आहे? पानाचा चुना भरपूर पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. वरची निवळी वाटीत घ्या आणि नळीने हळू फुंकायला सांगा. निवळी दुधासारखी होते! फक्त ती कोणी तोंडात ओढू नये, डोळ्यालाही जपावे.

पण कंदिलाची परीक्षा सगळीकडे लावू नका हं. गोबरगॅसमध्ये आणि संडासाच्या टाकीत मिथेन असतो. ज्योत नेली की भडका. टाकीत सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायूही असतो, आणि तो वाढला की नाकाला वासच येईनासा होतो. तिथे माणूस उतरवूच नये. साधनांशिवाय उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. विहिरीत इंजिन चालवले असेल तर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला घरगुती परीक्षाच नाही. कंदील खुशाल जळत राहतो.

राहिला स्वयंपाकाचा गॅस. त्याला मुळात वास नसतो, तो मुद्दाम घालतात. नळीवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणाऱ्या अजून आहेत, काय म्हणावे! हा गॅसही जड, जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि 1906 वर फोन करा, तोही अंगणात जाऊन.